१५ माणसं, एक सकाळ: जुलैतली पक्षी आणि रानभाजी फेरी

प्रश्न थोडक्यात असा: मुरबाडजवळच्या एका गावात जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात १५ जणांना न्यायचं आहे. सगळे मुंबई-ठाण्याचे, त्यांत तीन मुलं आणि दोघं साठीपुढचे. सकाळी पक्षी बघायचे, मग रानभाज्या खुडायच्या, दुपारी त्याच शिजवून जेवायचं. यादीत १८ भाज्या आहेत. वाटेत अळंबी दिसली तर घ्यावी का, आणि आणखी काय सांभाळावं?

आधी यादीला कात्री लावा. १८ भाज्या एका सकाळी दाखवल्या की संध्याकाळपर्यंत लोकांच्या डोक्यात एक हिरवा गोळा उरतो, आणि पुढच्या रविवारी त्याच अर्धवट ओळखीवर कुणीतरी घराजवळच्या माळावर काहीतरी खुडतं. पाच भाज्या पुरे: टाकळा, फोडशी, कुर्डू, भारंगी आणि वेलाला धरली असतील तर करटोली. बाकीच्या जाता जाता दाखवा, पण टोपलीत या पाचच येतील हे निघतानाच सांगून टाका.

दुसरं, भाजी ओळखणारी व्यक्ती तुम्ही नव्हे. त्या गावातली, त्याच रानातून वर्षानुवर्षं भाजी आणून शिजवणारी बाई हवी. मुरबाड-कर्जत-शहापूर पट्ट्यात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वस्त्यांमध्ये अशी जाणकार प्रत्येक पाड्यावर सापडते. तिला मदतनीस म्हणून नेऊ नका. खुडण्याच्या टप्प्यात शब्द तिचाच शेवटचा, आणि मोबदलाही तसाच. निम्मा दिवस गेला तरी पूर्ण दिवसाच्या रोजाच्या दुप्पट द्या, स्वयंपाक तिच्या घरी असेल तर त्याचे वेगळे. वनस्पतिशास्त्रातलं नाव तुम्हाला येत असेल, पण याच बांधावर गेल्या आठवड्यात तणनाशक मारलं होतं हे तिलाच ठाऊक असतं.

जागेचं आताच बघून घ्या. अभयारण्यातून पानसुद्धा तोडायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि तुमच्या भागात घाटाच्या बाजूला भीमाशंकर अभयारण्याची हद्द येते. राखीव वनातही बाहेरच्या माणसाला हक्क नाही. वनहक्क कायदा २००६ खाली मिळालेले गौण वनोपजाचे (लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या वस्तूंचे) हक्क गावाचे आहेत, पाहुण्यांचे नाहीत. म्हणून खुडायला गावाच्या हद्दीतले बांध, माळ आणि पडीक शेतं निवडा, मालकाला आधी विचारा आणि ग्रामपंचायतीच्या कानावर घाला. बहुतेक पंचायतींची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर तरी असते. तिच्या नोंदवहीत त्या गावच्या भाज्यांची स्थानिक नावं मिळाली तर उत्तमच.

आता वेळ. जुलैच्या मध्यावर सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो, पण ढगांमुळे झाडाखाली पावणेसातपर्यंत अंधूकच असतं. साडेसहाला चालायला लागा आणि साडेआठपर्यंत फक्त पक्षी. पक्षी आणि भाजी एकाच वेळी करायला गेलात तर दोन्ही बिघडतं: खाली वाकलेली १५ माणसं गवत तुडवतात, बडबड वाढते आणि पाखरं उडून जातात. शिवाय टाकळ्याची पानं रात्री मिटतात आणि उजेड नीट झाल्याशिवाय पुरती उघडत नाहीत. मिटलेल्या पानावरून नवख्याला ओळख शिकवता येत नाही. नाश्ता करून नऊला भाजीला लागा, साडेदहाला थांबा. दोन्ही मिळून अडीच किलोमीटरच्या वर अंतर नको. पक्षी बघताना तासाला एक किलोमीटर म्हणजे चांगला वेग झाला. १५ जणांना दोन माणसं हवीत, एक पुढे आणि एक अगदी मागे. मागच्याने कुणालाही आपल्या मागे राहू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम.

जुलैत पक्षी दिसतात कमी, ऐकू जास्त येतात. ही गोष्ट आधी सांगितली नाही तर लोक हिरमुसतात. पावशाचं चढत जाणारं ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ शेतकऱ्याला पाठ असतं, पण तो पक्षी पानांत दडतो, आणि दिसला तरी शिक्रा हा शिकारी पक्षी म्हणून सहज खपावा असा असतो. नवरंग पावसाबरोबर विणीला येतो. सकाळी अगदी लवकर आणि दिवस मावळताना त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. ओरडताना तो फांदीवर बसून मान मागे टाकतो, म्हणून आवाज आला की जमिनीवर शोधू नका, मधल्या उंचीच्या फांद्या बघा. विहिरीवर किंवा ओढ्यावर झुकलेल्या बाभळीला, शिंदीला सुगरणीची घरटी असतील तर वीस मिनिटं तिथेच काढा. नर अर्धवट विणलेल्या, टोपीसारख्या घरट्याला लटकून पंख फडफडवतो, मादी येते, आत डोकावते, पसंत पडलं नाही तर निघून जाते. मुलांना हे एवढं आवडतं की पुढच्या दहा पक्ष्यांची गरज उरत नाही. चातक दिसला तर तुरा आणि काळा-पांढरा रंग दुर्बिणीशिवायही ओळखू येतो. कावळा एखाद्या परक्या, तपकिरी ठिपक्यांच्या पिलाला भरवताना दिसला तर ते कोकिळेचं पिलू.

हा विणीचा हंगाम आहे, म्हणून काही गोष्टी अजिबात नकोत. फोनवरून पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. नराला वाटतं हद्दीत दुसरा आला, आणि तो पिलांचं सोडून भांडायला येतो. ओढ्याच्या मातीच्या कडेत तिबोटी खंड्याचं बीळ असेल तर तिथे गट नेऊ नका. पुरेसे लांब आहात की नाही हे त्याच्याकडे बघून कळतं: चोचीत भक्ष्य धरलेला पक्षी बिळात न जाता फांदीवरच बसून राहिला किंवा फेऱ्या मारत राहिला, तर तुम्ही जवळ आला आहात. मागे सरा, तो आत गेला की समजा अंतर बरोबर झालं. नवरंगाचं घरटं कधी जमिनीवरही असतं, त्यामुळे पायवाट सोडायची नाही.

दुर्बीण विकत किंवा भाड्याने घेत असाल तर ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते: ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. खिशात मावणाऱ्या १०×२५ ची ती अडीचच येते, आणि पावसाळी झाडीत तिच्यातून पक्षी काळी सावलीच दिसतो. नवखे बहुधा दुर्बीण डोळ्याला लावून मग पक्षी शोधतात. उलट करायला शिकवा: नजर पक्ष्यावरून हलवायची नाही आणि दुर्बीण नजरेच्या आड आणायची. कुठे बसलाय हे सांगायला झाडाचं घड्याळ करा, शेंडा बारा वाजता, ‘मोहाच्या झाडावर दोन वाजता, खोडापासून हातभर बाहेर’. बोट दाखवून १५ जणांपैकी दोघांनाच कळतं. काच धुरकटली तर शर्टाने पुसू नका, सुती रुमालाने टिपा. घरी गेल्यावर दुर्बीण डब्यात बंद न करता पंख्याखाली ठेवा, नाहीतर भिंगावर बुरशी धरते.

भाजीकडे येऊ. इथे मी अडून बसतो तो एका नियमावर: एका टोपलीत एकच भाजी. प्रत्येकाच्या हातात पिशवी दिली की टाकळ्यात कासविंदा, फोडशीत गवत आणि भारंगीत कुणास ठाऊक काय येतं. पाच टोपल्या, प्रत्येकीवर तीन माणसं, आणि त्या तिघांनी तेवढंच खुडायचं. टोपली भरली की गोणपाटावर ओतायची, आधी त्या बाईने आणि मग तुम्ही, असं दोन वेळा निवडायचं. दोघांपैकी एकालाही शंका आली तर ते पान बाहेर. वाद घालायचा नाही.

टाकळा सगळ्यात सोपा आणि म्हणूनच लोक सर्वांत निष्काळजीपणे खुडतात. वीतभर उंचीचा कोवळा टाकळा घ्यायचा, फुलाआधीचा. पानाला पर्णिकांच्या (एका पानातल्या छोट्या पानांच्या) साधारण तीन जोड्या, टोकाची जोडी सर्वांत मोठी, आणि प्रत्येक पर्णिकेचं टोक गोलसर. खालच्या जोडीच्या मधोमध नखाएवढीही नसलेली, काडीसारखी केशरी ग्रंथी उभी दिसते. ती भिंगातून दाखवाच, एकदा बघितली की विसरत नाही. त्याच्या शेजारी उगवणारा कासविंदा (रानटाकळा म्हणतात तो) वेगळा: जोड्या चार-पाच, टोकं अणकुचीदार, ग्रंथी देठाच्या बुडाशी, आणि चुरगळलं की वास उग्र. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं त्याच्या बिया खाऊन दगावल्याचं सिद्ध झालं आहे, यकृत, स्नायू आणि मेंदू यांवर परिणाम होतो. तुमच्यासोबत मुलं आहेत, तेव्हा हा फरक त्यांनाच आधी शिकवा. मोठ्यांपेक्षा त्यांना ग्रंथी लवकर दिसते.

फोडशीला (कुणी कुलू म्हणतं, कुणी कोलूची भाजी) सर्वांत जास्त वेळ द्या, कारण चूक इथेच होते. ती गवतात गवतासारखीच दिसते. लांब पातीचा झुपका, सगळी पानं जमिनीलगत एकाच जागेतून निघालेली, बुडाशी पांढरी. सोबतच्या बाईला खुरप्याने एक रोप पुरं उकरायला सांगा. खाली मांसल मुळांचा झुपका दिसेल, कांदा नसेल. कांदा निघाला तर ते दुसरं काहीतरी आहे, टाकून द्या. कोळकांदा याच दिवसांत पानावर असतो, आणि त्याच्यातली द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यावर परिणाम करतात. दुसरा सोबती कळलावीचा कोंब. त्याला पानं एका उभ्या दांड्यावर लागतात, फोडशीसारखी बुडातून नाही, आणि थोड्या वाढीनंतर पानाचं टोक वळून तणावा होतो. तिचा कंद फाट्यासारखा दुभंगलेला असतो. कळलावीतलं कोल्चिसीन पोटात गेलं तर काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात आणि पुढे एकेक अवयव बसत जातो. म्हणून फोडशी खुडताना मूठभर गवत ओढायचं नाही, एकेक झुपका बुडापर्यंत बघून कापायचा.

कापायचं म्हणजे विळ्याने, जमिनीच्या वर दोन बोटं. उपटलं तर पुढच्या वर्षी तिथे फोडशी नाही. याच गटातल्या सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात आपलं बोरिवली आहे, आणि मुळांसाठी उपटून उपटून तिची रानातली वस्ती किती विरळ झाली हे जुन्या लोकांना विचारा. एका जागी तीन झुपके असतील तर एकच घ्या.

कुर्डू आणि भारंगीत घोळ कमी. कुर्डूची तुऱ्याआधीची कोवळी पानं घ्या, पण ते मुख्यतः शेतातलं तण असल्याने तणनाशकाचा धोका इथेच सर्वाधिक. बांधावरची पट्टी पिवळी पडलेली, पानं पिळवटलेली किंवा एकाच रेषेत सुकलेली दिसली तर तिथून काहीच घेऊ नका. हायवेच्या कडेचं आणि वाहत्या गटाराजवळचंही नको. भारंगीचे फक्त शेंड्याकडचे कोवळे कोंब खुडायचे.

करटोली जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नुकती लागत असतात. नर आणि मादी वेल वेगवेगळे. फुलं आहेत पण फळ नाही म्हणून कुणी नर वेल तोडून टाकतं, मग आसपासच्या मादी वेलांना फळ कुठून धरणार? फळाला मऊ काटे हवेत. गुळगुळीत गोल कवंडळ किंवा पांढऱ्या पट्ट्यांचं रान पडवळ नको. या कुळाला एक स्वयंपाकघरातला नियम लागू आहे: फळाचा तुकडा जिभेच्या टोकाला लावून थुंकायचा, जीभ आक्रसेल इतकं कडू लागलं तर फळ फेकायचं. कडू काकडी, कडू दुधी आपण फेकतो ते याच कारणाने, मसाला घालून कडूपणा झाकला तरी विष जात नाही.

शेवळं विचारतीलच कुणीतरी. ती पहिल्या पावसाबरोबर, मेअखेर-जूनमध्ये जमिनीतून वर येतात. तुमच्या तारखेपर्यंत त्यांची वेळ सरलेली असेल, फार तर छत्रीसारखं उघडलेलं पान दाखवता येईल. बाजारात उशिराची जुडी मिळाली तरी गटाच्या जेवणात ती नको. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घशाला टोचतात. म्हणून आतला पिवळा भाग काढून, काकडाच्या आंबट फळांच्या रसात किंवा चिंच-कोकमात ती शिजवायची रीत आहे. आंबट थोडं कमी पडलं तर १५ घसे एकदम खवखवतात.

अळंबी: नाही. सोबतची बाई वारुळावरची अळंबी डोळे मिटून ओळखत असेल, तिने ती स्वतःच्या घरी खावी. जिवावर बेतणाऱ्या अळंब्यांत त्रास सहा ते बारा तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू होतो, मध्ये एक दिवस बरं वाटतं आणि मग यकृत जातं. तोपर्यंत तुमचे पाहुणे घरी पोचून झोपलेले असतील. चांदीचं नाणं काळं पडणं, लसूण निळा होणं, किडे खातात म्हणून चांगली असणं, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. फोनवरचं ॲपही खाण्यासाठी पुरावा नाही. त्याने पक्ष्याचं नाव चुकवलं तर वहीत खाडाखोड होते एवढंच, अळंबीचं तसं नाही. कडू करांद्याचंही (रानातल्या कंदाचंही) तसंच. तो बरेच दिवस पाण्यात काढून खातात, एका दुपारचं काम नव्हे.

किती खुडायचं? माणशी १०० ग्रॅम पाला धरला तर निवडून ६०-७० ग्रॅम उरतो आणि शिजून मूठभर होतो. तीन भाज्या, डाळ आणि तांदळाची भाकरी असा बेत असेल तर टाकळा आणि फोडशी प्रत्येकी दीड किलो पुष्कळ झाली, भारंगी अर्धा किलो.

टाकळ्याची फक्त पानं घ्या, देठ नाही. तेलावर भरपूर लसूण आणि कांदा, तासभर भिजवलेली मूगडाळ, मग चिरलेला पाला. झाकण ठेवू नका, उग्र दर्प उडून जाऊ दे. शेवटी ओलं खोबरं आणि सुपारीएवढा गूळ. फोडशीच्या पानांच्या बेचक्यात माती अडकते, नुसतं वरून धुऊन भागत नाही. पाती एकेक सोडवून चार पाण्यांतून काढा आणि मधला कडक दांडा फेका. तो दांडा फुलाचा, शिजत नाही. मग कांद्यासारखी बारीक चिरून भिजवलेल्या चणाडाळीबरोबर परता. भारंगी उकडून पाणी पिळून टाकायचं, नाहीतर कडू जहर लागते. नंतर मोड आलेल्या वालाबरोबर फोडणीला.

ज्याने ही भाजी कधीच खाल्ली नाही त्याला पहिल्या वेळी दोन चमचेच वाढा. मुतखड्याचा त्रास असलेले, गरोदर बाया, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे यांना आदल्या दिवशीच विचारून ठेवा आणि त्यांच्यासाठी साधी भाजी करा. रानात कच्चं कुणी काही चघळायचं नाही, मुलांनी तर नाहीच.

बाकी पावसाळ्याचं नेहमीचं. पायात गुडघ्याखालपर्यंत गमबूट, आणि झुडपात हात घालण्याआधी काठीने गवत हलवायचं. फुरसं आणि घोणस पाऊल पडेपर्यंत हलत नाहीत. हिरवा चापडा हाताच्या उंचीवर फांदीवर असतो. चावला तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काहीही नाही. अवयव स्थिर ठेवून १०८ ला फोन, आणि सर्पदंशाची लस कुठल्या ग्रामीण रुग्णालयात त्या दिवशी आहे हे आदल्या दिवशी फोन करून विचारलेलं असावं. जळू नखाने बाजूला सरकवून काढा, रक्त थोडा वेळ वाहतं, दाबून धरा. जाताना घोट्याइतका असलेला ओढा येताना कमरेएवढा असू शकतो, तेव्हा ओढा ओलांडावाच लागणार नाही अशी वाट निवडा. पायाला जखम असलेल्याने भातखाचरात उतरू नये, लेप्टोचे (साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे शिरणाऱ्या तापाचे) दिवस आहेत.

आणि निवडून झाल्यावर प्रत्येक भाजीचं एक अख्खं रोप, फोडशीचं मुळासकट उकरलेलं तेच, ओल्या कागदात गुंडाळून नाव आणि तारीख लिहून बाजूला ठेवा, आणि पुढचे दोन दिवस टाकू नका. रात्री कुणाचं पोट बिघडलं तर डॉक्टरला ‘कसलीशी हिरवी भाजी’ सांगण्यापेक्षा ते रोप समोर ठेवता येतं.